सुटे भाग मागवण्याआधी रिकामी पुंगळी बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आजोबांची मार्लिन ३९ए, चापाखालची लिव्हर खाली-वर करून काडतूस भरायची .२२ रायफल, साधारण १९५०च्या दशकातली. वडिलांच्या पश्चात परवाना तुमच्या नावावर होऊन दोन वर्षे झाली, त्याआधी वीसेक वर्षे ती कपाटात पडून होती. परवा रेंजवर पहिल्यांदा पन्नास काडतुसे लावून पाहिलीत, तर चौदा फुटलीच नाहीत, काही पुंगळ्या (उडालेल्या काडतुसांची पितळी टरफले) चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते तिथे, अडकून बसल्या आणि लिव्हर खुळखुळते आहे असे जाणवले. आता एका परदेशी संकेतस्थळावर फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी), एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा), इजेक्टर (ती बाहेर फेकणारा) आणि सगळ्या स्प्रिंगांचा संच मिळतोय. तो मागवून एकदम सगळे नवे घालावे, की भोसरीत ओळखीच्या लेथवाल्याकडून निदान पिन तरी करून घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे.

आत्ता तरी यातले काहीच करू नका. मी पुण्यात तीसहून अधिक वर्षे परवानाधारक दुकानात बंदुकांची दुरुस्ती करतोय. 'सगळे पार्ट गेलेत' म्हणून आलेल्या जुन्या .२२ रायफलींत प्रत्यक्षात एखादाच भाग बदलावा लागतो, आणि कित्येकदा तोही नाही. कोणते भाग घ्यावेत हे तुम्ही विचारलेत, पण झिजलेला भाग कोणता हे अजून कोणी पाहिलेलेच नाही. ते आधी ठरवावे लागेल. ते कसे ठरवतात, तेच सविस्तर सांगतो. तुमची रायफल माझ्या हातात नाही, त्यामुळे काही गोष्टी 'असे असेल तर तसे' याच पद्धतीने सांगाव्या लागतील.

त्याआधी कायद्याचे, कारण यात चूक झाली तर पुढचे सगळे व्यर्थ आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमात 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात. म्हणजे परदेशातून फायरिंग पिन मागवणे हे मिक्सरचे भांडे मागवण्यासारखे नाही. आयातीसाठी परवाना लागतो, तो नसेल तर पार्सल कस्टममध्ये अडकणार आणि उत्तरे तुम्हाला द्यावी लागणार. दुसरे म्हणजे दुरुस्ती. कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवणे, विकणे आणि दुरुस्त करणे या सगळ्यासाठी परवाना हवा. तो नसताना दुरुस्ती करणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची शिक्षा आहे. भोसरीतला तुमचा लेथवाला कितीही कसबी असो, पिन करून देणे त्याला बेड्या घालणारे ठरू शकते, आणि त्या बिचाऱ्याला हे माहीतही नसते. मित्राला अशा कामात ओढू नका. साफसफाई, तेलपाणी, पुसून ठेवणे हे मालकाचे काम. भाग बदलणे हे परवाना असलेल्या आर्मररचे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे.

आता रायफलीकडे. .२२चे काडतूस इतर काडतुसांहून वेगळे आहे आणि तुमच्या तक्रारींचे मूळ त्या वेगळेपणात आहे. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध टिकली बसवलेली असते, पिन तिच्यावर आपटते. .२२मध्ये टिकली नाही. पितळेची कड दुमडून पोकळ केलेली असते आणि पेट घेणारा मसाला त्या पोकळ कडेत फिरवून भरलेला असतो. पिन कडेवर आपटते, कड चेंबरच्या तोंडाच्या काठावर चिरडली जाते आणि मसाला दोन पितळी थरांत रगडला जाऊन पेटतो. वरवंटा पिन, पाटा चेंबरचा काठ. काडतूस फुटले नाही की सगळे वरवंट्याला बोल लावतात, पाट्याकडे कोणी बघत नाही.

या कडेची जाडी सुमारे १ मिलिमीटर. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) बंद झाल्यावर कडेसाठी जी जागा उरते, ती मोजायला आम्ही पोलादी गेज वापरतो. लहान गेज ०.०४३ इंचाचे, म्हणजे १.०९ मिलिमीटर. जागा त्याहून जरा जास्त झाली की पिनच्या ठोक्याने काडतूस आधी पुढे सरकते आणि उरलेल्या जोरातच कड चिरडायची वेळ येते. केसाएवढ्या फरकाने रायफल 'मिस' करू लागते ती अशी.

म्हणून माझ्याकडे अशी रायफल आली की मी पेचकस बाजूला ठेवतो आणि आधी पुंगळ्या मागतो. फुटलेल्या पाच-सहा आणि न फुटलेली जेवढी असतील तेवढी. तुमची न फुटलेली चौदा काडतुसे रेंजवरच जमा केली असतील, आणि तेच बरोबर. तसले काडतूस खिशात घालून घरी आणू नये. पण पुढच्या वेळी जमा करण्याआधी प्रत्येकाच्या बुडाचा मोबाइलवर जवळून फोटो घ्या. आणि चाप ओढल्यावर आवाज आला नाही तर लिव्हर लगेच उघडू नका. नळी टार्गेटच्या दिशेला ठेवून ३० सेकंद थांबा, मग उघडा. उशिरा पेटणारे काडतूस उघड्या बोल्टमध्ये फुटले तर पितळेचे तुकडे डोळ्यात जातात. चष्मा घालूनच उडवा. कधी नेहमीपेक्षा अगदीच हलका, दबका आवाज आला तर पुढचे काडतूस लावू नका. रायफल रिकामी करून नळीतून उजेड पाहा. अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी सोडली की नळी फुगते, आणि फुगलेली नळी दुरुस्त होत नाही.

आता ठोक्याची खूण वाचू. घड्याळजी लावतात तशी दहापटीची लूप डोळ्याला लावली की कडेवरचा खड्डा स्पष्ट दिसतो. तो आयताकृती असतो, बोटाच्या नखाची चौकोनी खूण साबणावर उठावी तसा.

खड्डा खोल, स्वच्छ, कडेच्या बरोबर वर आहे आणि तरी काडतूस फुटले नाही, तर बहुतेक दोष काडतुसाचा. मसाला कडेत सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, एखाद्या ठिकाणी कमी पडतो. तेच काडतूस अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावले आणि फुटले, तर रायफलीला दोष देऊ नका. तुम्ही वापरलेली काडतुसे नवी होती की वडिलांच्या काळच्या डब्यातली, हे तुम्ही लिहिलेले नाही. डबा जुना असेल तर चौदापैकी किती काडतुसांचा हा दोष असेल, सांगता येत नाही. किमान दोन वेगवेगळ्या कंपन्यांची नवी काडतुसे लावल्याशिवाय निदान करूच नये.

खड्डा उथळ असेल, नुसता ओरखडा उठल्यासारखा, तर ठोक्याचा जोर वाटेत कुठेतरी मरतोय. जोर मरायची कारणे अनेक, पण वीस वर्षे कपाटात असलेल्या रायफलीत पहिला संशय तेलावर. आपल्याकडे बंदूक ठेवून देताना शिलाई मशीनचे तेल सढळ हाताने घालतात. काळजीपोटीच घालतात, पण वर्षानुवर्षांत त्या तेलाचा डिंक होतो. पिन ज्या खाचेत मागे-पुढे सरकते, तिथे हा डिंक साचला की पिन मधात बुडालेल्या चमच्यासारखी जड चालते. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका रायफलीचा बोल्ट मी रात्रभर मिनरल टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवला होता. सकाळी वाटीत कोऱ्या चहासारखे पाणी आणि तळाशी काळा गाळ. बोल्ट पुसून हातात धरला, पुढे-मागे कलता केला, तर पिन आपल्या वजनाने टक्-टक् सरकू लागली. आदल्या दिवशी ती बोटाने ढकलावी लागत होती. त्या रायफलीत एकही भाग बदलला नाही.

उथळ खड्ड्याचे दुसरे कारण तुमच्या रायफलीत फार सहज असू शकते. ३९ए ही मधोमध दोन भागांत सुटते. उजव्या बाजूचा मोठा स्क्रू नाण्यानेही फिरतो, तो काढला की दस्त्याचा भाग वेगळा आणि नळीचा वेगळा. सोय उत्तम आहे, पण हा स्क्रू थोडा जरी सैल राहिला तरी दोन्ही भाग एकमेकांवर हलतात, घोड्याचा (मागून पिनवर आपटणाऱ्या हातोडीचा) ठोका तिरका पडतो आणि लिव्हरही खुळखुळल्यासारखी वाटते. तुमच्या दोन तक्रारी एका स्क्रूने मिटू शकतात. तो घट्ट आवळून पाहा. मात्र स्क्रूच्या खाचेत नीट बसेल असेच नाणे किंवा पेचकस वापरा. बोहरी आळीत मिळणारे साधे पेचकस टोकाकडे निमुळते होत जातात, ते खाचेतून निसटतात आणि स्क्रूचे डोके कुरतडतात. आमच्याकडचे पेचकस आम्ही घासून दोन्ही बाजूंनी समांतर करून घेतो. शंभर रायफली पाहिल्या तर नव्वदींवर कोणाच्या तरी निसटलेल्या पेचकसाचा ओरखडा असतोच, आणि तो बघताना मला खरेच वाईट वाटते.

तिसरे कारण घोड्याची स्प्रिंग. तुमच्या काळातल्या ३९एमध्ये ती सपाट पट्टीची असते, नंतरच्या रायफलींत गुंडाळीची आली. पट्टीची स्प्रिंग नीट केलेली असेल तर सत्तर वर्षांनीही जोर धरून असते. मोडली तर एकदम मोडते. हळूहळू मेलेली मी फार कमी पाहिली. पण कोणीतरी चाप हलका करण्याच्या नादात ती घासून पातळ केली असेल किंवा वाकवली असेल, तर गोष्ट वेगळी. तुमच्या आजोबांनी किंवा वडिलांनी कधी कोणाकडून काम करून घेतले होते का, घरात विचारून बघा.

खड्डा खोल आहे, पण जागा चुकलेली आहे, म्हणजे कडेच्या आत पडतोय किंवा अर्धाच उमटतोय, कडा फाटक्या आहेत, तर मात्र पिनचे टोक झिजले किंवा टवका उडाला असे समजायला हरकत नाही. तेव्हा पिन बदलायची. पण बदलण्याआधी पाटा पाहायचा राहिलाय, तो पाहू.

बोल्ट काढून, मागून उजेड देऊन, चेंबरच्या तोंडाचा काठ लूपखाली पाहा. पिन जिथे येते बरोबर तिथे काठावर पिनच्याच आकाराची बारीक खूण दिसली, अर्ध्या तिळाएवढी, तर समजा रायफल रिकामी असताना चाप खूपदा ओढला गेला आहे. आत काडतूस नसले की पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते. दर ठोक्याला काठाचे पोलाद थोडेसे दबते आणि बाजूला पसरते. पसरलेले पोलाद चेंबरच्या आत येते, म्हणून काडतूस नीट बसत नाही आणि पुंगळी निघताना अडकते. आणि दबलेल्या जागी कडेला आधार उरत नाही, म्हणून मसाला रगडला जात नाही. एका दोषाची दोन लक्षणे. तुम्ही लिहिलेल्याशी ती किती जुळतात बघा.

काही वर्षांपूर्वी साताऱ्याकडचे एक गृहस्थ लिव्हरची .२२ घेऊन आले होते. आधीच दोन पिना बदलून झाल्या होत्या, आणि तिसरी माझ्याकडून हवी होती. दोन्ही पिना मी पाहिल्या, ठीक होत्या. चेंबरच्या काठावर मात्र खड्डा. विचारले तेव्हा कळले की घरातली मुले लहानपणी त्या रिकाम्या रायफलीशी सिनेमातल्यासारखे खेळायची, दिवसभर खट-खट. नवी पिन कितीही आणली तरी ती त्याच खड्ड्यात पडत होती. पसरलेले पोलाद खास हत्याराने परत मूळ जागी दाबून बसवले, चेंबरचे तोंड साफ केले, आणि त्यांची जुनी पिनच परत घातली. तिच्यावर त्यांनी पुढे कितीतरी काडतुसे उडवली. हे काम घरी करायचे नाही. कानशीचा एक हात जास्त पडला तर चेंबरचा काठ कायमचा जातो आणि मग नळीच बदलावी लागते.

म्हणून घरात सगळ्यांना सांगा, रिकाम्या .२२चा चाप ओढायचा नाही. घोडा उतरवायचाच असेल तर रिकामी पुंगळी आत घालून, दर वेळी थोडी फिरवून.

आता अडकणाऱ्या पुंगळ्या. तुमच्या यादीत एक्स्ट्रॅक्टर आहे, पण तो दोषी धरण्याआधी एक प्रश्न. आजोबा .२२ शॉर्ट काडतुसे वापरायचे का? ३९ए शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल तिन्ही घेते, नळीखालच्या मॅगझिनमध्ये लाँग रायफल १९ बसतात, तर शॉर्ट २६. शॉर्ट हे १८५७चे जुने काडतूस, लाँग रायफल १८८७चे. जाडी सारखी, लांबी वेगळी. शॉर्टची पुंगळी साडेदहा मिलिमीटर, लाँग रायफलची साडेपंधरा. घराच्या मागे डब्यांवर नेम धरायला पूर्वी लोक शॉर्टच वापरत, स्वस्त आणि आवाज कमी. पण हजारो शॉर्ट उडवली की पुंगळीच्या तोंडापुढच्या त्या पाच मिलिमीटरच्या पट्ट्यात शिसे, मेण आणि काजळी यांचे कडे जमते. मग लांब पुंगळीचे काडतूस लावले की उडताना पुंगळी फुगून त्या कड्याला चिकटते. एक्स्ट्रॅक्टर ओढतो, पुंगळी येत नाही, त्याचे नखासारखे टोक कडेवरून निसटते. लोक म्हणतात नख झिजले.

ब्रॉन्झच्या ब्रशला चांगला सॉल्व्हंट लावून चेंबरमध्ये फिरवा, पंधरा मिनिटे भिजू द्या, पुन्हा फिरवा. हे चार-पाच वेळा. लोखंडी ब्रश नको, सँडपेपर तर अजिबातच नको. ३९एचा मोठा फायदा हाच की ती सुटी करून नळी मागच्या बाजूने साफ करता येते, म्हणजे रॉड तोंडाकडून घालून नळीचे तोंड घासले जात नाही. चेंबर साफ झाल्यावर रिकामी पुंगळी बोटाने ढकलून पाहा, सहज आत जावी आणि नखाने ओढली तर सहज यावी.

त्यानंतरही अडकत असेल तर एक्स्ट्रॅक्टर. बोल्ट हातात घेऊन रिकामी पुंगळी नखाखाली सरकवा आणि बोल्ट हलकेच हलवा. पुंगळी धरून राहिली पाहिजे. गळून पडली तर नखाची धार गोल झाली आहे किंवा नखामागची स्प्रिंग मेली आहे किंवा मागे घाण भरली आहे. घाण आधी काढा. धार गोल झाली असेल तर हा भाग बदलावा, यात कंजूषी नको. एक्स्ट्रॅक्टर झिजणारच, त्यासाठीच तो वेगळा केलेला असतो.

इजेक्टरच्या बाबतीत एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. ३९एचा इजेक्टर रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या पोलादी पेटीच्या, डाव्या भिंतीत असतो. साफसफाई करताना किंवा जोडताना तो मध्ये येऊ नये म्हणून त्याला दाबून धरणारी एक छोटी खाचवाली कळ आहे. ती पेचकसाने फिरवली की इजेक्टर भिंतीत बसून राहतो. जोडल्यावर ती परत फिरवायची असते. कोणीतरी विसरतो, इजेक्टर भिंतीतच राहतो आणि रिकामी पुंगळी बाहेर उडण्याऐवजी आतच घुटमळते. अशी एक रायफल माझ्याकडे 'इजेक्टर मोडला' म्हणून आली होती. कळ पाव फेरा फिरवली, इजेक्टर टुकन वर आला. त्यांच्याकडून मी पैसे घेतले नाहीत, पण कळ कुठे आहे ते दाखवून, त्यांच्याच हाताने दोनदा फिरवून घेतले. तुमच्या वडिलांनी शेवटची साफसफाई करून ती तशीच ठेवली असण्याची शक्यता आहे.

लिव्हरचा खुळखुळाट सैल स्क्रूने गेला नाही तर लिव्हरचा फिरण्याचा पेच आणि लिव्हर बंद धरून ठेवणारा खटका पाहावा लागतो. बंद लिव्हर थोडी खाली लोंबकळत असेल तर खटक्याची स्प्रिंग कमजोर, आणि ती स्वस्तात सुटते. पण लिव्हर पूर्ण बंद असताना बोल्टच मागे-पुढे हलत असेल, तर काम मोठे. या रचनेत बोल्ट बंद धरण्याचे काम लिव्हरच करते, त्यामुळे तिथली झीज म्हणजे कडेसाठीची जागा वाढणे. तिथे गेजने मोजल्याशिवाय एक गोळीही उडवू नये.

आणि एक तपासणी अशी आहे की तिच्यात नापास झाली तर बाकीचे सगळे विसरून रायफल बाजूला ठेवा. काडतूस नाही याची स्वतः बोट घालून खात्री करा. मॅगझिनची नळी, चेंबर, दोन्ही. घोडा अर्ध्या खाचेवर, म्हणजे पूर्ण मागे न नेता मध्येच जिथे अडकतो तिथे, आणा आणि चाप ओढा. घोडा पडता कामा नये. मग घोडा पूर्ण मागे घ्या, चापाला हात न लावता घोड्याच्या मागून अंगठ्याने पुढे ढकला. तरी पडता कामा नये. तपासणी झाल्यावर घोडा मघाशी सांगितल्याप्रमाणे रिकामी पुंगळी आत ठेवून, अंगठ्याने धरूनच उतरवा. यातले एकही चुकले तर खाचा झिजलेल्या किंवा कोणीतरी घासलेल्या आहेत. ते काम फक्त आर्मररचे. चाप हलका करण्यासाठी घरी दगड लावलेल्या खाचा मी पाहिल्यात, आणि त्यातल्या एका रायफलीने छताला भोक पाडल्याचेही मला माहीत आहे. कोणाला लागले नाही हे नशीब.

मॅगझिनबद्दल थोडक्यात: आतली नळी सरळ आहे का, बाहेरच्या नळीला पोचा नाही ना, आणि पुढे ढकलणारी स्प्रिंग अडखळत नाही ना, एवढे पाहा. तुम्ही त्याची तक्रार केलेली नाही.

समजा सगळे तपासून एक-दोन भाग खरेच बदलायचे ठरले. मग 'मार्लिन ३९एचा संच' हे वर्णन पुरेसे नाही. कोणत्या वर्षाची ३९ए? तुमच्या काळातल्या रायफलीच्या क्रमांकाआधी एक इंग्रजी अक्षर असते आणि त्यावरून वर्ष कळते. पुढे १९७३पासून क्रमांकाचे पहिले दोन आकडे शंभरातून वजा केले की वर्ष मिळते. हे का महत्त्वाचे? कारण मधल्या काळात स्प्रिंग बदलली, आणि १९८८च्या सुमारास घोडा अडवणारी सेफ्टी आणि मागे उसळणारा घोडा आला. १९९०च्या रायफलीचा भाग १९५४च्या रायफलीत बसेलच असे नाही. त्यात कारखान्याचाही प्रवास झाला. मार्लिन २००७मध्ये रेमिंग्टनकडे गेली, नॉर्थ हेवनचा जुना कारखाना २०११मध्ये बंद पडला, आणि २०२०मध्ये रेमिंग्टनच्या दिवाळखोरीत मार्लिन रूगरने घेतली. त्यामुळे तुमच्या वयाच्या रायफलीचे मूळ भाग म्हणजे बहुतेक जुन्या साठ्यातले किंवा मोडीत काढलेल्या रायफलींतले. मोडीतला एक्स्ट्रॅक्टर तुमच्या रायफलीतल्याइतकाच झिजलेला असू शकतो.

आपल्याकडे दोन रस्ते कायदेशीर आहेत. एक, परवानाधारक विक्रेत्यामार्फत रीतसर आयात, त्याला वेळ लागतो. दुसरा, परवानाधारक आर्मररकडून जुन्या भागावरून नवा घडवून घेणे. पिन मी स्वतः करतो. टूल स्टीलच्या पट्टीवर कानशीने आकार, मग पाणी देऊन (तापवून-विझवून कडक करून) तो कडकपणा परत थोडा उतरवणे. मऊ राहिली तर टोक पसरते, कडक राहिली तर मोडते. लांबी तर आणखी नाजूक. पिन इतकीच पुढे यावी की कड चिरडेल पण चेंबरच्या काठाला शिवणार नाही. भोसरीतल्या लेथवर मापे अचूक येतील, यात मला शंका नाही. पण कोणत्या मापापाशी थांबायचे हे त्या यंत्राला माहीत नसते. आणि यासाठी मोडलेली, झिजलेली जुनी पिन टाकून देऊ नका, ती नव्या पिनचा नमुना असते.

भाग एका वेळी एकच बदला. सगळे एकदम घातले आणि नवी तक्रार उभी राहिली, तर ती कोणत्या भागाने आणली हे शोधायला पुन्हा सगळे काढावे लागते. एक बदल, मग रेंजवर पन्नास काडतुसे, पुंगळ्या बघणे, मग पुढचा. जुने भाग छोट्या पाकिटात, वर तारीख लिहून ठेवा. आणखी एक विचार करा, जो फक्त तुम्हीच ठरवू शकता. ही रायफल दर रविवारी रेंजवर न्यायची आहे, की आजोबांची आठवण म्हणून जपायची आहे? जपायची असेल तर साफसफाई, तेल आणि अर्ध्या खाचेची तपासणी एवढेच करा. मूळ भाग झिजलेले असले तरी मूळ असतात.

पुण्यात जून ते सप्टेंबर चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या कव्हरमध्ये बंदूक ठेवू नका. चामडे दमटपणा धरून ठेवते आणि त्याखाली गंजाचे ठिपके उठतात. कव्हर फक्त नेण्या-आणण्यासाठी. कपाटात सिलिका जेलची पाकिटे आणि अंगावर तेलाचा पातळ हात, नळी खाली आणि दस्ता वर, म्हणजे तेल लाकडात झिरपत नाही. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करायला सांगितले तर आदल्या दिवशी तेल लावून, तेलकट सुती कापडात गुंडाळून द्या, आणि पावतीवर अवस्था नोंदवून घ्या. परत आल्यावर त्याच दिवशी पुसा.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. फुटलेल्या आणि न फुटलेल्या काडतुसांच्या बुडाचे जवळून फोटो, चेंबरच्या काठाचा एक फोटो, आणि अर्ध्या खाचेच्या तपासणीचा निकाल. शेवटचा निकाल आधी कळवा. तो वाईट असेल तर बाकीचे फोटो काढायचीही घाई नाही, रायफल सरळ परवानाधारक दुकानात न्या. परवाना सोबत ठेवा, रायफल रिकामी आणि कव्हरमध्ये. फोटोत रिसीव्हरवरचा क्रमांक दिसत असेल तर तो झाकूनच पाठवा.